पाच वह्या आणि एक बाळ

कापूरहोळ भागातल्या बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही ताया बोलतोय. भाताची रोपं आता वर आली असतील. तीन-चार आठवड्यांत लावणी सुरू होईल आणि मग कुणाला कुणाशी बोलायला सवड मिळणार नाही. म्हणून आजच बोलून घेतो. विषय ऐकायला सरकारी वाटेल. वेगवेगळ्या खात्यांच्या माणसांनी एकत्र बसून, झटपट आणि चुका सुधारत काम कसं करावं, असा तो विषय आहे. पण रेडिओ बंद करू नका. कारण ही गोष्ट एका चौदा महिन्यांच्या मुलीची आहे, आणि तिच्यात आमचीही चूक आहे.

आपलं कापूरहोळ तुम्हाला माहीत आहेच. पुण्याहून हायवेने आलं की उजवीकडे भोरचा रस्ता फुटतो आणि डावीकडे नारायणपूर, सासवडचा. पण या गावाची खरी ओळख त्या चौकाहून फार जुनी आहे. १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला. सईबाईंची तब्येत बरी नव्हती. तेव्हा बाळाला दूध पाजलं ते कापूरहोळच्या धाराऊ गाडे यांनी. राजाच्या घरातलं बाळ, पण तेही एकट्या आईच्या जिवावर वाढलं नाही. आजी जिजाऊ होत्या, दूधआई धाराऊ होत्या. प्रत्येकीचं काम वेगळं, पण नजर एकाच बाळावर. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता आपल्या वाडीकडे येऊ. गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. वाडीचं नाव सांगत नाही, माणसांचं तर नाहीच. डोंगराच्या अंगाला पंचवीस-तीस घरं. अंगणवाडी खाली गावात, चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. मध्ये ओढा. पाऊस लागला की तो ओलांडायला पुरुषमाणूसही विचार करतो.

त्या वाडीत आम्ही गेलो होतो गटाच्या हप्त्यासाठी. एका घरात ओसरीवर आजी बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शेजारी पाच वर्षांची थोरली नात, आणि तिच्या मांडीवर धाकटी. धाकटी रडत नव्हती, खेळतही नव्हती. नुसती बघत होती. आम्ही विचारलं, “सूनबाई कुठं गेली आजी?” आजी म्हणाल्या, “दुसऱ्याच्या लावणीला गेलीय रोजानं. तुमचाच हप्ता भरायचाय ना ताई.”

आम्हाला पुढे बोलायला सुचेना.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीताईंना घेऊन परत गेलो. मुलीचं वजन भरलं ६ किलो ९०० ग्रॅम. दंडाला पट्टी लावली, ११.८ सेंटीमीटर. ही पट्टी तुम्ही पाहिली असेल. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांच्या दंडाला लावतात. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल रंग. लाल आलं की बैठक नाही, चर्चा नाही, मूल थेट डॉक्टरांकडे न्यायचं. साडेअकरा ते साडेबाराच्या मध्ये पिवळा, म्हणजे मूल घसरणीला लागलंय. साडेबाराच्या पुढे हिरवा. ही मुलगी पिवळ्यात होती, आणि लाल रंग तिच्यापासून तीन मिलिमीटरवर होता.

मग आम्ही वह्या बघायला लागलो. अंगणवाडीताईंच्या वहीत दर महिन्याचं वजन लिहिलेलं होतं, घरपोच आहाराची पाकिटं दिल्याच्या सह्या होत्या. आशाताईंच्या वहीत बाळंतपणानंतरच्या भेटी होत्या. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. एकही भेट चुकली नव्हती. सिस्टरांच्या वहीत सगळ्या लसी होत्या. ग्रामपंचायतीच्या वहीत टाकीत टीसीएल पावडर टाकल्याची नोंद होती. आणि पाचवी वही आमची, गटाची. तिच्यात त्या घराचा एकही हप्ता थकलेला नव्हता. आम्ही तर बैठकीत त्या घराचं कौतुक केलं होतं!

पाच वह्या. पाचही पूर्ण. आणि मुलीचं वजन तीन महिने जागचं हललेलं नव्हतं.

मैत्रिणींनो, यात कुणी कामचुकार नव्हतं. प्रत्येकीनं आपापल्या वहीतलं काम केलं होतं. पण वजन का वाढत नाही, हा प्रश्न कुठल्याच वहीत नव्हता. लस सिस्टरांची, आहार अंगणवाडीचा, पाणी पंचायतीचं, पैसा गटाचा. अख्खी मुलगी कुणाचीच नव्हती.

आधी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं आणि म्हणाले, “मोठा आजार नाही. पण जुलाब पुन्हा पुन्हा का होतात ते घरी बघा.” घरी बघायचं म्हणजे कुणी? डॉक्टर वाडीत येऊन चूल आणि हंडा बघणार नाहीत. मग आम्ही ठरवलं, पाचही वह्यांची माणसं एकदा एकत्र बसवायची. नवी समिती काढायची नाही. ग्राम आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती आधीपासून आहेच. फक्त तिच्यासमोर या वेळी एकच घर आणि एकच प्रश्न ठेवायचा.

अंगणवाडीत अर्धा तास बसलो. अंगणवाडीताई, आशाताई, सिस्टर, ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब, उमेदच्या सीआरपी ताई आणि आम्ही. शेवटी आशाताई म्हणाल्या, “पाणी सोडणाऱ्या दादांनापण बोलवा.” त्यांना एरवी कुणी बैठकीला बोलावत नाही. ते दाराशीच उभे राहिले. आत या, बसा म्हटल्यावर बसले. आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांनीच सांगितली. म्हणाले, “टाकीत पावडर पडते, बरोबर आहे. पण वरच्या पाच-सहा घरांना नळाचं पाणी चढतच नाही. ती घरं झऱ्याचं पाणी पितात. पावसात झरा गढूळ होतो.” ती वरची घरं, त्यातलंच हे एक घर. भाऊसाहेबांनी वहीकडे बघितलं. वहीत टाकी होती, झरा नव्हता.

त्या दिवशी तीन गोष्टी ठरल्या. वरच्या घरांना पाण्यात टाकायचं औषध आशाताई देतील आणि किती थेंब टाकायचे ते आजींना हातात धरून दाखवतील. मुलीला रोज अंगणवाडीत आणून ताजं खायला घालायचं. आणि पंधरा दिवसांनी पुन्हा वजन, पुन्हा बैठक. कागद एकच, त्यावर तीन ओळी आणि प्रत्येक ओळीपुढे एकाच माणसाचं नाव.

पंधरा दिवस झाले. जुलाब थांबले होते. पण वजन? ६ किलो ९५० ग्रॅम. पन्नास ग्रॅम म्हणजे काहीच नाही. का? तर मुलगी अंगणवाडीत आलीच नव्हती. कशी येणार? आई सकाळी सातला शेतात जाते, आजींना दिसत नाही, ओढ्याला पाणी. आम्ही खोलीत बसून ठरवलं होतं, ओढा आमच्या लक्षातच आला नव्हता.

इथे एरवी काय होतं? ‘पालकांचं सहकार्य नाही’ असा शेरा पडतो आणि वही मिटते. आम्ही शेरा मारला नाही. आमचा बेत चुकला, असं त्याच कागदावर लिहिलं आणि दुसरी बैठक त्या आजींच्या ओसरीवर घेतली. सून त्या दिवशी थांबली होती. आम्ही तिला विचारलं, “तूच सांग, काय केलं तर जमेल?” ती आधी बोलेना. मग म्हणाली, “पाकीट आहे घरात. पण शिजवून वेळच्या वेळी भरवायला कोण आहे? थोरलीला चुलीपाशी जाऊ देत नाही मी.” तेव्हा आजी बोलल्या. “आमच्या वेळी सावड असायची. लावणीला सगळ्या जायच्या, एक बाई पोरांपाशी मागं राहायची. तिचाही दिवस धरायचे.”

बस्स! एवढंच लागत होतं. सावड म्हणजे तुम्हाला सांगायला नको. आज तुझ्या खाचरात मी, उद्या माझ्या खाचरात तू. पैशाचा व्यवहार नाही, दिवसाचा हिशेब. वाडीतल्या बायकांनी ठरवलं, सावडीतली एक बाई रोज मागे राहील, दोन वर्षांच्या आतली वाडीतली चारही मुलं सांभाळेल आणि दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवेल. मुलं सांभाळल्याचा दिवस हा लावणीचाच दिवस धरायचा. अंगणवाडीताईंनी पाकिटातला आहार मऊ कसा शिजवायचा आणि वरून तेल किती घालायचं ते ओसरीवरच करून दाखवलं.

पण सून सावडीत यायची तर तिची रोजंदारी बुडणार, आणि रोजंदारी आमच्या हप्त्यासाठी होती. म्हणजे गाठ आमच्याच पायाशी येऊन थांबली. गटाच्या बैठकीत वाद झाला. एक ताई म्हणाल्या, “आज हिला सूट दिली तर उद्या सगळ्याच मागतील. शिस्त मोडली की गट मोडतो.” त्यांचं चुकीचं नव्हतं. नियमित बचत, नियमित परतफेड यावरच गट उभे आहेत. तासभर बोलणं झालं आणि ठराव लिहिला. ज्या घरात दोन वर्षांच्या आतलं मूल पिवळ्या किंवा लाल पट्टीत असेल, त्या घराचा अंतर्गत कर्जाचा हप्ता दोन महिने पुढे ढकलता येईल. बँकेचा हप्ता गटानं आपल्या शिलकीतून भरायचा. सूट कुणाला हे गट ठरवणार नाही, पट्टीचा रंग ठरवेल. मग त्या ताईंनीच पहिली सही केली.

गौरी-गणपतीत मुलीची पट्टी १२.२ वर आली, तेव्हाही पिवळीच. दिवाळीत १२.६ झाली, हिरवी. वजन ८ किलो. आता ती ओसरीवरून खाली उतरून कोंबड्यांच्या मागे धावते. आजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मोफत झालं, कारण ओसरीवर बसलेल्या आशाताईंनी तिथल्या तिथे त्यांचं नाव लिहून घेतलं. एक गोष्ट मात्र राहिली. वरच्या घरांना नळाचं पाणी अजून चढत नाही. ते काम आम्ही महिला ग्रामसभेत मांडलं, पंचायतीच्या विकास आराखड्यात लिहून घेतलं आणि पाठपुरावा चालू आहे. वित्त आयोगाच्या निधीत पाणी आणि स्वच्छतेसाठी वेगळा हिस्सा असतो, हे भाऊसाहेबांनीच आम्हाला दाखवून दिलं.

तुम्ही म्हणाल, एका वाडीत जमलं, मोठ्या पातळीवर हे जमतं का? जमलेलं आहे, आणि आपल्याच महाराष्ट्रात. मराठवाड्यातल्या अनुभवातून २००५ मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झालं. व्ही. रमणी हे सनदी अधिकारी त्याचे पहिले प्रमुख. या मिशनला स्वतःची अंगणवाडी नव्हती की दवाखाना नव्हता. छोटं कार्यालय होतं. आरोग्य खातं आणि महिला व बालविकास खातं यांना एकाच मुलाकडे बघायला लावणं, हे त्याचं मुख्य काम. आधी आदिवासी भाग, मग बाकीचा. खरी वजनं लिहिण्यावर भर. आकडा वाढला म्हणून ताईंना बोलणी बसणार असतील, तर त्या खरं वजन कशाला लिहितील?

२००५-०६ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात दोन वर्षांखालच्या १०० मुलांपैकी सुमारे ३९ मुलं वयाच्या मानानं बुटकी राहिलेली होती. २०१२ च्या पाहणीत हा आकडा सुमारे २३ वर आला. हे सगळं एका मिशनमुळेच झालं असं आम्ही म्हणणार नाही. त्या वर्षांत दवाखान्यातली बाळंतपणं वाढली, मुली जास्त शिकल्या, इतरही बरंच बदललं. पण खाती जोडण्याचा त्यात वाटा होता. आणि काम संपलंय असंही समजू नका. २०१९-२१ च्या पाहणीत पाच वर्षांखालच्या १०० मुलांमागे ३५ मुलं बुटकी निघाली. ही मोजणी पाच वर्षांपर्यंतच्या मुलांची आहे, आधीची दोन वर्षांपर्यंतच्या, म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवून वजाबाकी करायची नाही. पण ३५ हा आकडा मोठाच आहे.

दक्षिण अमेरिकेत पेरू नावाचा देश आहे. हो, आपल्या फळाच्याच नावाचा. तिथे २००८ मध्ये पाच वर्षांखालच्या १०० मुलांपैकी २८ बुटकी होती, २०१६ मध्ये १३ राहिली. तिथेही आरोग्य, पैसा आणि गावकारभार ही वेगवेगळी खाती एका उद्दिष्टाला बांधली होती.

आपली हिंजवडीला कंपनीत जाणारी मुलं याला ‘अजाईल’ पद्धत म्हणतात. २००१ मध्ये अमेरिकेत सतरा जणांनी बसून ती संगणकाच्या कामासाठी लिहून काढली. छोटा गट, वेगवेगळ्या कामाची माणसं, छोटं पाऊल, लवकर तपासणी आणि चुकलं तर बेत बदलायचा. ऐकलं तेव्हा आम्हाला हसू आलं. खाचरात पाणी किती ठेवायचं हे आपणही रोज बघूनच ठरवतो. एकदा ठरवून चार महिने झोपत नाही.

मग तुमच्या गावात हे कसं करायचं? आमच्या अनुभवातून सांगतो.

पहिलं, प्रश्न एका घराचा घ्या. ‘कुपोषण निर्मूलन’ असा विषय घेतला की चहा होतो आणि बैठक संपते. ‘या मुलीचं वजन का वाढत नाही’ असं विचारलं की माणसं कामाचं बोलतात.

दुसरं, माणसं सहा-सातच असू द्या, पण वेगवेगळ्या कामाची. ज्याला कुणी बोलावत नाही त्याला आठवणीनं बोलवा. पाणी सोडणारे दादा, पशुसखी, रेशन दुकानदार. आणि त्या घरातली बाई आलीच पाहिजे. तिच्याशिवाय तिचा प्रश्न सुटत नाही.

तिसरं, कागदावर तीनच कामं लिहा. प्रत्येक कामापुढे एक नाव. ‘सर्वांनी लक्ष द्यावे’ असं लिहिलं की कुणीच लक्ष देत नाही.

चौथं, पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. नाही जमलं तर माणसाला दोष देऊ नका, बेत बदला.

पाचवं, कामाच्या जागी बसा. ओढा खोलीतून दिसत नाही.

आणि जपायच्या दोन गोष्टी. आशाताई आणि अंगणवाडीताई मानधनावर काम करतात. आधीच त्यांच्या डोक्यावर माहिती भरण्याचा ढीग आहे. त्यांच्यावर आणखी एक बैठक लादू नका. ग्राम आरोग्य पोषण दिनाला त्या एकत्र येतातच, त्याच दिवशी अर्धा तास मागून घ्या. तपासायला आल्यासारखं बोलू नका, आपण सोबतीला आलोय. दुसरं, त्या घराचं नाव ग्रामसभेत जाहीर वाचू नका. ग्रामसभेत झरा मांडायचा, मुलगी नाही. ‘तुमच्या घरात कुपोषित मूल’ हा शिक्का सुनेच्या माथी बसतो, हे आपल्याला चांगलंच माहीत आहे.

बैठक बोलवायची कुणी, असा प्रश्न राहतो. सिस्टर भाऊसाहेबांना हुकूम देऊ शकत नाहीत, भाऊसाहेब अंगणवाडीताईंना देऊ शकत नाहीत. प्रत्येकाचे साहेब वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. आपण कुणाच्याच हाताखाली नाही. आपण सगळ्यांच्या घरी जातो, सगळे आपल्याला ओळखतात. म्हणून हे बोलावणं ग्रामसंघानं करायचं. सरकारची खाती आपापल्या बांधात काम करतात. बांध आपण फोडू शकत नाही, पण सावड घालू शकतो.

तर मैत्रिणींनो, लावणीला अजून तीन-चार आठवडे आहेत. या महिन्याच्या बैठकीत आधी बचत गोळा करा, मग एवढंच विचारा. आपल्या वाडीत दोन वर्षांच्या आतली मुलं किती? त्यांच्या पट्टीचा रंग कोणता? लावणीच्या दिवसांत त्यांना भरवायला मागे कोण राहणार, आणि तिचा दिवस आपण धरणार का?

उत्तरं वहीत लिहून ठेवा. या वेळी लावणी सुरू व्हायच्या आधी. नमस्कार.